सीलिॲक विकार : जीवनसत्त्वन्यूनता व चिंता

गहू, सातू (जव) व राय या तृणधान्यांत ग्लुटेन नावाचा प्रथिनांचा समूह असतो. काही व्यक्तींमध्ये या प्रथिनांमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि अन्नघटकांच्या अभिशोषणात (शोषून घेतले जाण्याच्या क्रियेत) अडथळा येतो. आनुवंशिक प्रवृत्तीवर आधारलेल्या या दीर्घकालीन विकाराला सीलिॲक विकार असे म्हणतात. ‘सीलिॲक’ ही संज्ञा उदर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली आहे. ग्लुटेनयुक्त धान्ये आहारातून आयुष्यभर पूर्णपणे वर्ज्य करणे, हाच या विकारावरील मान्य उपचार आहे. तथापि आहार बदलल्यानंतरही अनेक रुग्णांत दोन तक्रारी मागे उरतात : एक, जीवनसत्त्वे व खनिजे यांची न्यूनता आणि दुसरी, सततची चिंता. या दोहोंची लक्षणे पुष्कळदा एकमेकींसारखी दिसतात व एकीमुळे दुसरी वाढतेही. म्हणून चिंता दिसताच ती केवळ मनाची समजणे किंवा रक्तात एखादी न्यूनता आढळताच सर्व अस्वस्थतेचे मूळ तीच मानणे, या दोन्ही चुका रुग्णाला महागात पडू शकतात.

इतिहास : इ. स. दुसऱ्या शतकाच्या सुमारास कॅपाडोशिया येथील आरीटीअस या ग्रीक वैद्यांनी न पचलेले अन्न मलावाटे बाहेर पडणाऱ्या व शरीर खंगत नेणाऱ्या एका चिवट उदरविकाराचे वर्णन केले होते. आधुनिक काळातील पहिले स्पष्ट वर्णन लंडनमधील वैद्य सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये केले. रुग्ण बरा व्हायचा असेल, तर तो आहारानेच होईल, असे त्यांचे मत होते. मात्र नेमका कोणता पदार्थ अपायकारक आहे, हे त्यांना उमगले नव्हते. १९२४ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ञ सिडनी हास यांनी केळ्यांवर भर देणारा आहार सुचविला. या आहारात पाव व इतर धान्यपदार्थ वर्ज्य असल्यामुळे अनेक मुले सुधारली. परंतु सुधारणेचे श्रेय मात्र केळ्यांना दिले गेले.

गव्हाचा दोष दाखवून देण्याचे कार्य नेदरलँड्समधील बालरोगतज्ञ व्हिलेम कारेल डिके यांनी केले. १९३० नंतरच्या दशकापासूनच त्यांनी काही मुलांना गहूरहित आहार देऊन पाहिला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात भीषण अन्नटंचाई निर्माण झाली व पाव दुर्मिळ झाला. त्या काळातील व त्यानंतरच्या अनुभवाने त्यांच्या कल्पनेला बळकटी आली. उत्रेक्त येथे १९५० मध्ये सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी गव्हाच्या अपायकारकतेचा पुरावा मांडला. १९५४ मध्ये इंग्लंडमधील जे. डब्ल्यू. पॉली यांनी अशा रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरातील वैशिष्ट्यपूर्ण बदल नोंदविले. त्यानंतर थोड्याच वर्षांत शस्त्रक्रियेवाचून, तोंडावाटे नळी घालून अस्तराचा नमुना घेणे शक्य झाले आणि निदानाला निश्चितता आली. १९९७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी ऊतक ट्रान्सग्लुटामिनेज हे एंझाइम या विकारातील प्रतिपिंडांचे मुख्य लक्ष्य असल्याचे दाखविले व त्यावर आधारलेली रक्तपरीक्षा प्रचारात आली.

पूर्वी प्रौढांमधील या विकाराला अनुष्णकटिबंधीय संग्रहणी असे म्हणत. भारतात तो फारसा आढळत नाही, असा समज दीर्घकाळ होता. उत्तर भारतीय मुलांमधील या विकाराचे वर्णन १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३,००० हून अधिक प्रौढांच्या पाहणीत त्याचे प्रमाण उत्तर भारतात १·२३ टक्के, ईशान्य भारतात ०·८७ टक्के व दक्षिण भारतात ०·१० टक्के असे आढळले. आनुवंशिक प्रवृत्ती या प्रदेशांत साधारणतः सारखीच असल्याने हा फरक मुख्यतः गव्हाच्या सेवनाशी निगडित असावा, असे मानतात. महाराष्ट्रात ज्वारी व बाजरी यांच्या भाकरीची जागा अनेक घरांत गव्हाच्या पोळीने घेतलेली असल्यामुळे ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

विकाराचे स्वरूप : लहान आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. त्यांच्यामुळे अभिशोषणाचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते. ग्लुटेनाचे पचन निरोगी माणसातही पूर्णपणे होत नाही; त्याचे काही तुकडे अभंग राहतात. एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही आनुवंशिक वैशिष्ट्ये असणाऱ्या काही व्यक्तींत शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा या तुकड्यांना परकी आक्रमक समजते व त्या चकमकीत आतड्याच्या अस्तराचीच हानी होते. रसांकुर खुरटतात, पुढे ते सपाट होतात. ही आनुवंशिक वैशिष्ट्ये लोकसंख्येच्या सु. ३० ते ४० टक्के लोकांत असतात. परंतु त्यांपैकी थोड्यांनाच हा विकार जडतो. रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांच्यात त्याचे प्रमाण सामान्य लोकांपेक्षा बरेच अधिक असते.

अतिसार, पोट फुगणे, वजन घटणे व मुलांची वाढ खुंटणे ही याची परिचित लक्षणे होत. मात्र पुष्कळ रुग्णांत पोटाची तक्रार नाममात्रच असते. औषधांना दाद न देणारा रक्तक्षय, ठिसूळ हाडे, तोंड येणे, थकवा, वंध्यत्व, खाज सुटणारे त्वचेवरील फोड, चिडचिड किंवा खिन्नता यांपैकी एखादेच लक्षण पुढे येते. अशा रुग्णांना निदान होण्यापूर्वी अनेक वर्षे ‘नाजूक प्रकृतीचे’ किंवा ‘उगाच काळजी करणारे’ ठरविले जाण्याचा संभव असतो.

न्यूनतेची कारणे : जीवनसत्त्वे व खनिजे यांची न्यूनता तीन मार्गांनी उद्‌भवते. पहिला मार्ग आतड्याच्या इजेचा. लोह, फॉलिक अम्ल व कॅल्शियम यांचे अभिशोषण प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होते आणि या विकारात सर्वाधिक हानी त्याच भागाची होते. वसेचे अभिशोषण बिघडल्यास वसेत विरघळणारी अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वेही वाया जातात. ब१२ जीवनसत्त्वाचे अभिशोषण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होत असले, तरी त्याचीही न्यूनता बऱ्याच रुग्णांत आढळते. नेदरलँड्समध्ये नव्याने निदान झालेल्या ८० प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ८७ टक्के रुग्णांमध्ये निदान एका पोषक द्रव्याचे प्रमाण कमी होते. ६७ टक्क्यांत जस्ताची न्यूनता, ४६ टक्क्यांत लोहाचा अपुरा साठा, २० टक्क्यांत फॉलिक अम्लाची व १९ टक्क्यांत ब१२ ची न्यूनता होती.

दुसरा मार्ग खुद्द उपचाराचा आहे. गहू वर्ज्य केला की त्यातून मिळणारे तंतू, लोह व ब गटातील जीवनसत्त्वेही वर्ज्य होतात. त्यांच्या जागी केवळ पांढरा तांदूळ, साबुदाणा आणि मक्याच्या किंवा बटाट्याच्या स्टार्चापासून केलेली तयार बिस्किटे व पाव आले, तर आहार ग्लुटेनरहित होतो, पण निकृष्टही होतो. अमेरिकेसारख्या ज्या देशांत गव्हाच्या पिठात फॉलिक अम्ल मिसळले जाते, तेथील रुग्ण त्या लाभालाही मुकतात. तिसरा मार्ग विकाराबाहेरचा आहे. ब१२ जीवनसत्त्व नैसर्गिक रीत्या प्राणिज पदार्थांतच मिळत असल्याने, दूधही थोडेच घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तींत त्याची न्यूनता मूळचीच असू शकते. उन्हात न जाणे, जेवणाबरोबर चहा घेणे, मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव यांचाही वाटा असतो. [⟶ जीवनसत्त्वे]

न्यूनता व मनःस्थिती : लोहाच्या न्यूनतेमुळे रक्तक्षय झाला म्हणजे थोड्या श्रमाने दम लागतो, छातीत धडधडते, चक्कर येते व मन एकाग्र होत नाही. ब१२ जीवनसत्त्व कमी पडल्यास हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, स्मरणशक्ती मंदावते व स्वभाव चिडखोर होतो. फॉलिक अम्लाच्या न्यूनतेचा खिन्नतेशी संबंध आढळतो. ब१२, फॉलिक अम्ल व ब६ ही तिन्ही जीवनसत्त्वे तंत्रिका तंत्राच्या कार्याला आवश्यक आहेत. ब६ जीवनसत्त्व मेंदूतील काही संदेशवाहक द्रव्यांच्या निर्मितीतही भाग घेते. ड जीवनसत्त्व व कॅल्शियम यांच्या न्यूनतेमुळे स्नायू दुखतात व हाडे मऊ होतात; कॅल्शियम वा मॅग्नेशियम फारच घटल्यास बोटे आखडतात व ओठांभोवती मुंग्या येतात.

यांपैकी धडधड, दम लागणे, चक्कर, मुंग्या व निद्रानाश ही चिंतेच्या झटक्याचीही लक्षणे आहेत. त्यामुळे न्यूनता असलेल्या रुग्णाला आपणास हृदयविकार जडला आहे असे वाटून खरोखरच भीती वाटू लागते. उलट भीतीने जलद श्वास घेणाऱ्या रुग्णाच्या बोटांना मुंग्या आल्या की त्याला त्या न्यूनतेच्या वाटतात. यात आणखी एका शक्यतेची भर पडते. सीलिॲक विकाराच्या रुग्णांत अवटू ग्रंथीचे प्रतिरक्षाजन्य विकार अधिक प्रमाणात आढळतात. या ग्रंथीचा स्राव वाढला म्हणजे धडधड, कंप, घाम व बेचैनी होते आणि तो घटला म्हणजे मांद्य व खिन्नता येते. केवळ लक्षणांवरून या तीन कारणांतील फरक सांगणे अनुभवी वैद्यालाही कठीण असते.

चिंतेची अन्य कारणे : चिंतेचा सर्व भाग शरीरातील न्यूनतेने स्पष्ट होत नाही. या विकारावर औषध नाही व पथ्य जन्मभराचे आहे. अत्यल्प ग्लुटेनही दीर्घकाळ पोटात गेल्यास हानी करते. दररोज ५० मिग्रॅ. ग्लुटेन तीन महिने घेतल्यास अस्तराला इजा होते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. गव्हाच्या पावाच्या एका कापात यापेक्षा कितीतरी अधिक ग्लुटेन असते. अशा स्थितीत प्रत्येक घास तपासण्याची सवय जडते. लग्नातील पंगत, प्रवास, कार्यालयातील वाढदिवस, देवळातील शिऱ्याचा प्रसाद हे इतरांचे आनंदाचे प्रसंग रुग्णाच्या दृष्टीने परीक्षेचे ठरतात. ‘थोडेसे खाल्ल्याने काय होते ?’ या आग्रहाला पुनःपुन्हा नकार देताना संकोच व एकटेपणा वाटतो. न्यूयॉर्कमधील ८० कुमारवयीन व प्रौढ रुग्णांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पथ्याबाबत अत्यंत दक्ष असणाऱ्यांचे ज्ञान अधिक होते, परंतु त्यांतील प्रौढांचे जीवनमान इतरांपेक्षा कमी समाधानाचे आढळले. म्हणजे पथ्य आवश्यक असले, तरी त्याची भीती ही स्वतंत्र व्याधी होऊ शकते.

संशोधनातील निष्कर्ष : इटलीतील ३५ रुग्णांच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निदानाच्या वेळी असलेली चिंता वर्षभराच्या ग्लुटेनरहित आहारानंतर बरीच कमी झाली; अवसाद (खिन्नता) मात्र फारसा हटला नाही. यावरून चिंतेचा काही भाग चालू विकाराशी निगडित असतो, असे दिसते. स्वीडनमध्ये क्लास हालेर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांना दहा वर्षे पथ्य पाळून आतड्याचे अस्तर पूर्ववत झालेल्या ३० प्रौढांपैकी सु. निम्म्यांमध्ये ब गटातील जीवनसत्त्वांची स्थिती असमाधानकारक आढळली (२००२). त्यानंतर त्यांनी अनेक वर्षे पथ्यावर असलेल्या ६५ रुग्णांवर प्रयोग केला (२००९). काहींना सहा महिने दररोज ०·८ मिग्रॅ. फॉलिक अम्ल, ०·५ मिग्रॅ. ब१२ व ३ मिग्रॅ. ब६ दिले व इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. जीवनसत्त्वे घेणाऱ्यांच्या रक्तातील होमोसिस्टीन (या जीवनसत्त्वांच्या न्यूनतेत वाढणारे द्रव्य) सु. एकतृतीयांशाने उतरले. ज्यांना मुळात फार अस्वस्थ वाटत होते, त्यांची चिंता व खिन्नता कमी झाली.

हे प्रयोग लहान आहेत आणि त्यांवरून जीवनसत्त्वांना चिंतेचे औषध म्हणता येत नाही. पथ्य काटेकोर असले व आतडे भरून आले, तरीही न्यूनता राहू शकते, तसेच ती भरून काढल्यास काही रुग्णांच्या मनःस्थितीत फरक पडतो, एवढेच त्यांवरून निश्चित होते. केळ्यांच्या आहाराच्या वेळी झाली तशी श्रेयाची गल्लत येथेही होऊ शकते. कारण गोळ्या सुरू करणारा रुग्ण बहुधा त्याच सुमारास पथ्यही अधिक कसोशीने पाळू लागतो.

निदान व तपासणी : विकाराचा संशय येताच स्वतःहून गहू सोडणे ही नेहमी घडणारी चूक आहे. ग्लुटेन बंद केल्यावर रक्तातील प्रतिपिंडे घटतात व अस्तर सुधारू लागते; परिणामी खऱ्या रुग्णाचीही परीक्षा नकारात्मक येते. म्हणून गहू खाणे चालू असतानाच ऊतक ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए प्रतिपिंडे व एकूण आयजीए यांची रक्तपरीक्षा करतात आणि प्रौढांमध्ये सामान्यतः अंतर्दर्शकाच्या साहाय्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची जीवोतक परीक्षा (जिवंत ऊतकाचा तुकडा काढून तपासणे) करून निदान पक्के करतात. ज्यांच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही, त्यांच्यात पहिली परीक्षा फसवी ठरते. म्हणून दुसरी आवश्यक असते.

निदानाच्या वेळी रक्तातील हीमोग्लोबिन, लोहाचा साठा दर्शविणारे फेरिटीन, फॉलिक अम्ल, ब१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, जस्त आणि अवटू ग्रंथीचे कार्य यांची तपासणी इष्ट असते. प्रौढांत हाडांची घनताही मोजतात. पहिल्या वर्षात या तपासण्यांची पुनरावृत्ती करून पुढे बहुधा वर्षातून एकदा आढावा घेतात. याच वेळी झोप, भीती, खिन्नता व कामातील लक्ष यांविषयी विचारपूस करणे तितकेच महत्त्वाचे आहे. प्रतिपिंडांचे प्रमाण चढेच राहिल्यास ग्लुटेन कोठून तरी पोटात जात आहे, असे समजून आहाराचा शोध घेतात.

पूरक जीवनसत्त्वे : न्यूनता कोणती व किती हे ठरवून, ठरावीक मुदतीसाठी व पुन्हा तपासणी करून पूरक जीवनसत्त्वे देणे ही योग्य पद्धत होय. ब१२ ची न्यूनता असताना केवळ फॉलिक अम्ल दिल्यास रक्तक्षय सुधारतो, परंतु तंत्रिकांची हानी चालूच राहते. म्हणून दोन्ही तपासून घेतात. अभिशोषण फारच बिघडले असल्यास ब१२ किंवा लोह अंतःक्षेपणाने (इंजेक्शनाने) द्यावे लागते. चिंता कमी व्हावी म्हणून मनाने भरमसाट गोळ्या घेणे मात्र धोक्याचे असते. ब६ जीवनसत्त्व दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास तंत्रिकांना इजा होते व ज्या मुंग्यांसाठी ते घेतले, त्याच वाढतात. अ व ड जीवनसत्त्वे शरीरात साठून विषारी परिणाम करतात. जस्त दीर्घकाळ अधिक प्रमाणात घेतल्यास तांब्याची न्यूनता होते. गर्भवती स्त्रियांनी अ जीवनसत्त्वाची जादा मात्रा टाळणे आवश्यक असते. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू न देणे हेही महत्त्वाचे आहे. काही गोळ्यांत भरणद्रव्य म्हणून गव्हाचा स्टार्च वापरलेला असतो. त्याची खात्री औषधविक्रेत्याकडून करून घेता येते.

आहार : तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, सर्व डाळी, कडधान्ये, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे व मांस हे पदार्थ निसर्गतः ग्लुटेनरहित आहेत. या दृष्टीने महाराष्ट्र व गोवा येथील पारंपरिक जेवण रुग्णाला अनुकूल आहे. नाचणीच्या १०० ग्रॅ. धान्यात सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते, बाजरीत लोह चांगले असते. धान्ये व कडधान्ये यांतील लोह सहज शोषले जात नाही. जेवणात लिंबू वा आवळा असल्यास ते अधिक शोषले जाते. हिरव्या पालेभाज्या व कडधान्ये यांतून फॉलिक अम्ल, तर दूध, अंडी व मासे यांतून ब१२ मिळते. मोड आणणे व आंबविणे यांमुळे खनिजांचे अभिशोषण सुधारते.

धोका बहुधा लपलेल्या गव्हाचा असतो. रवा, मैदा, शेवया, लापशी व खपली गहू ही सर्व गव्हाचीच रूपे आहेत. खपली पचायला हलका म्हणून रुग्णाला चालतो, हा समज चुकीचा आहे. थालीपिठाची भाजणी व मेतकूट यांत पुष्कळदा गहू असतो. बाजारी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. सातूचे पीठ, माल्टयुक्त पेये व सोया सॉस हेही वर्ज्य होत. ओट हे धान्य बहुतेक रुग्णांना सोसते, परंतु त्यात गव्हाची भेसळ सहज होते. सार्वजनिक गिरणीत गव्हानंतर ज्वारी दळली, तर तिच्या पिठात गव्हाचे पीठ येते. म्हणून घरी लहान चक्की वापरणे किंवा गिरणी धुऊन-झाडून झाल्यावर, आधी तांदूळ दळून काढून मग आपले धान्य दळून घेणे श्रेयस्कर असते. घरात परात, चाळणी व पोळपाट-लाटणे वेगळे ठेवतात. वेष्टनावर ‘ग्लुटेनरहित’ असे लिहिण्यासाठी आंतरराष्ट्रीय खाद्यसंहितेने ठरविलेली मर्यादा प्रतिकिग्रॅ. २० मिग्रॅ. ग्लुटेन अशी आहे व भारतातील नियमही तीच मानतो.

चिंतेचे नियमन : चिंता कमी करण्याचा पहिला उपाय म्हणजे कोणती भीती साधार आहे व कोणती निराधार आहे, हे स्पष्ट करून घेणे. ग्लुटेन पोटात गेल्यानेच हानी होते. शेजारी बसलेल्याने पोळी खाल्ल्याने किंवा गव्हाच्या पोत्याला हात लागल्याने, नंतर हात धुतले असता, ती होत नाही. चुकून एखादा घास गेल्यास काही तास वा दिवस त्रास होऊ शकतो. परंतु त्यामुळे वर्षांची सुधारणा वाया जात नाही. पथ्याचे नियम एकदा ठरवून त्यांचे सवयीत रूपांतर झाले, म्हणजे प्रत्येक जेवणाला नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. समारंभाला जाण्यापूर्वी यजमानांना कळविणे, सोबत भाकरी वा दशम्यांऐवजी तांदळाचे वा राजगिऱ्याचे पदार्थ नेणे, नकाराचे एक सौम्य वाक्य ठरवून ठेवणे यांसारख्या साध्या तयारीने प्रसंगांची धास्ती कमी होते. प्रसंगच टाळत राहिल्यास मात्र भीती वाढत जाते.

लक्षणांची व आहाराची थोडक्यात नोंद काही आठवडे ठेवल्यास खरे कारण शोधण्यास मदत होते; ती नोंद दिवसभराचे व्यसन होऊ लागल्यास थांबविणे इष्ट असते. मंद श्वसन, नियमित चालणे व पुरेशी झोप यांचा उपयोग होतो. न्यूनता भरून निघाल्यावर व पथ्य नीट असतानाही चिंता काही आठवडे टिकून कामात, झोपेत वा जेवणात व्यत्यय आणीत असल्यास ती स्वतंत्र चिंताविकृती समजून तिच्यावर उपचार करतात. विचार व वर्तन यांच्या सवयी बदलण्यावर भर देणारी मानसचिकित्सा व जरूर तर औषधे इतर रुग्णांप्रमाणेच येथेही दिली जातात. जगणे नकोसे वाटू लागल्यास तपासण्यांची वाट न पाहता तातडीने मानसोपचारतज्ञाकडे नेणे आवश्यक असते. मानसिक उपचार घेणे म्हणजे विकार काल्पनिक ठरणे नव्हे.

कुटुंबाच्या वागणुकीला यात मोठे स्थान आहे. मुलाचे ताट वेगळे मांडण्याऐवजी सणाचा एखादा पदार्थ सर्वांसाठीच तांदळाचा किंवा नाचणीचा केल्यास, पथ्य ही शिक्षा वाटत नाही. उकडीचे मोदक, घावन, आंबोळी, बेसनाचे लाडू व तांदळाची खीर हे पदार्थ, दूषण टाळल्यास, सर्वांच्या पंगतीचेच आहेत. शाळेतील शिक्षकांना पथ्याची कल्पना दिली पाहिजे; परंतु मुलापुढे सतत धोक्याची चर्चा करणे अहितकारक असते.

पूर्वानुमान : पथ्य सुरू केल्यावर पोटाच्या तक्रारी बहुधा काही आठवड्यांतच कमी होतात, अस्तर भरून येण्यास मात्र, विशेषतः प्रौढांत, पुष्कळ अवधी लागतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर सु. ३४ टक्के व पाच वर्षांनंतर सु. ६६ टक्के प्रौढांचे अस्तर पूर्ववत झालेले आढळले. मुलांमध्ये ही सुधारणा अधिक त्वरेने व पूर्णपणे होते. त्यामुळे पहिल्या वर्षात न्यूनता किंवा थकवा राहिल्यास ते पथ्य निष्फळ ठरल्याचे लक्षण मानीत नाहीत. बहुसंख्य रुग्ण काटेकोर पथ्य, नियमित तपासणी व योग्य वेळी मानसिक आधार यांच्या साहाय्याने शिक्षण, काम, विवाह व मातृत्व-पितृत्व यांसह नेहमीचे आयुष्य जगू शकतात.